सातव्या प्रश्नाचं उत्तर

साहेबांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर काय करायचं, हे आम्ही मुलांना दरवर्षी तपासणीच्या आधी शिकवायचो. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे साहेबांना नीट ऐकू गेलं नाही, असं धरायचं. मग तेच उत्तर, त्याच शब्दांत, जरा मोठ्यानं द्यायचं. बदलायचं नाही. उत्तर बदललं की साहेबांना कळतं, याला येत नाही. आणि तसं ते शेरेबुकात लिहून जातात.

एका वर्षी नववीतल्या मुलाला साहेबांनी इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? तो उठून म्हणाला, "माय फादर इज अ फार्मर." शेतात काय पेरतात? "माय फादर इज अ फार्मर." बैल किती आहेत? तेच वाक्य, आणखी वरच्या पट्टीत. साहेब हसले आणि शेरा लिहिला, 'मुले धीट आहेत.' हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. पुढं काही वर्षं हा किस्सा सांगून मी लोकांना हसवत असे. मग सांगायचं बंद केलं. का बंद केलं, ते आज लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी पत्नी कमल वारली. तिची ट्रंक उघडायला मला दिवाळी उलटून गेली. लुगड्यांच्या तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वही आणि दोन परदेशी पाकिटं सापडली. ती मी फेकून दिली असावीत असं मी समजत होतो. तिनं ठेवली होती. त्यानंतर या अंकासाठी 'तुमच्या मास्तरकीवर काहीतरी लिहा, मजेदार किस्से असतीलच' असं पत्र आलं. किस्से आहेत. पण वही समोर असताना दुसरं काही लिहिता येत नाही.

मी चुडाव्याचा. वडील रेल्वेत गँगमन होते. रुळांखालची खडी ठोकायचे. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि त्या वर्षापासून वडिलांनी एकच धोशा लावला, पोरगं मॅट्रिक झालं पाहिजे. मॅट्रिकच्या वाटेत इंग्रजी आडवं होतं आणि आमच्या वस्तीत त्याचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. पूर्णेच्या शाळेतल्या सरांनी मला एक जुनं गाईड दिलं. म्हणाले, "समजून घ्यायच्या भानगडीत पडू नको. पाठ कर." मी पाठ केलं. पत्रं, सारांश, निबंध, सगळं. 'हिल स्टेशनला दिलेली भेट' या विषयावर मी चार पानं लिहिली तेव्हा मला वाटत होतं, डोंगरावर रेल्वेचं स्टेशन असतं आणि लोक ते बघायला जातात. पास झालो. पुढं परभणीच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. ज्या दोराला धरून माणूस विहिरीतून वर येतो, तो दोर कच्चा आहे असं त्याला कुणी सांगून पटत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, इंग्रजीचा मास्तर इंग्रजी शिकवतो. आम्ही परीक्षा शिकवायचो. प्रश्न कसा येतो, त्याला कोणतं उत्तर चालतं, कोणत्या ओळीखाली रेघ मारायची. शाळा सुटल्यावर मोठी माणसंही यायची. गंगाखेडचा एक एसटी कंडक्टर आला होता. त्याचा वरचा साहेब त्याला इंग्रजीत शिव्या द्यायचा. "मला उलट शिव्या द्यायच्या न्हाईत, सर," तो म्हणाला, "पण मला कळायलंय, हे त्याला कळलं पाहिजे." मी त्याला एकच वाक्य पाठ करून दिलं, 'सर, आय अंडरस्टँड एव्हरी वर्ड.' आठवड्यानं येऊन पाया पडला. साहेबाचं तोंड बंद झालं होतं. अशा यशानं माणूस बिघडतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. परभणीत तेव्हा एक चिनी दंतवैद्य होते, असं आज सांगितलं तर तरुण मुलांना थाप वाटते. डॉक्टर लिऊ निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि तिथून इकडं. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं दुकान होतं. दर्शनी काचेच्या कपाटात प्लास्टरचा एक जबडा कायम हसत असायचा. खेड्यातली माणसं गाल धरून बसमधून उतरायची आणि कुणीतरी सांगायचं, "चिन्याकडं जावा, लय हलका हात हाय."

कमलची दाढ दुखायला लागली म्हणून मी तिला तिथं घेऊन गेलो. डॉक्टर बुटके, हसतमुख, आणि बोलणं अस्सल दखनी. "मू खोल बेटी. डरना नक्को. मेरे कू भी दाढ है." दाढ उपटताना त्यांची बायको कमलचा हात धरून उभी होती. पन्नाशीच्या पुढची, केस मागं घट्ट बांधलेले, अंगात निळा सदरा. आतल्या भिंतीवर एका फळीवर त्यांची कुणी देवी होती आणि तिच्यापुढं उदबत्ती. कमलनं तोंडात कापूस असताना तिला हात जोडले आणि आपल्या गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट बाईंना दाखवलं. बाईंनी ते बोटात धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुम मास्तर है ना? अंग्रेज़ी के? मेरे कू सिखाते?"

त्यांचा एकुलता एक मुलगा हेन्री जहाजावर नोकरी करत करत परदेशात पोचला होता आणि तिथल्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी झाला होता. देश कोणता ते लिहीत नाही; त्या देशाचा दोष नव्हता. हेन्रीनं आईवडिलांना कायमचं बोलावलं होतं. अर्ज गेला होता. मुंबईत त्यांच्या वकिलातीत मुलाखत व्हायची होती, इंग्रजीत. डॉक्टरांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. बाईंना अजिबात नाही.

बाईंनी आधी दोन मास्तरांना विचारलं होतं. दोघांनी वेळ नाही म्हणून सांगितलं. बासष्टच्या लढाईनंतर चिनी माणसांना पोलिसांत हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी काढावी लागे. अशा घरी रोज गेलं तर आपलंही नाव कुठल्यातरी कागदावर चढेल, ही भीती होती. मलाही होती. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी आल्यावर मी कमलला तसं म्हणालो. गाल सुजलेला होता, तरी ती हसली.

"आपल्या घरी तरी कोण यायलंय?" ती म्हणाली. "त्यांच्याबी न्हाई, आपल्याबी न्हाई. जावा तुमी."

मी जायला लागलो. शाळा सुटली की सायकल तिकडं. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला मास्तरसाब. दुकानाच्या मागच्या खोलीत भाज्यांच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत आणि मधोमध एक टेबल. पहिल्या दिवशी मी ए-बी-सी-डीचं पुस्तक नेलं होतं. मावशींना अक्षरं येत होती. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि टेबलावर चार कागद मांडले. हेन्रीचं पत्र, त्याच्या शेवटी 'आय ॲम कीपिंग वेल'. प्लास्टरच्या खोक्याचा तुकडा, त्यावर 'कीप ड्राय'. पोलिसांचा कागद, तो जवळ बाळगायची सूचना, त्यातही कीप. आणि दुकानातली छापील पाटी, 'कीप सायलेन्स'. चारही ठिकाणी त्यांनी पेन्सिलीनं गोल केले होते.

"मास्तरसाब, ये कीप कित्ते काम करता?"

"बरीच करतो."

"एक आदमी इत्ते काम कैसा करता? हमारे में हर काम का आदमी अलग है."

मग त्यांनी मला दाखवलं. जनावर पाळायचं असेल तर चिनी भाषेत एक अक्षर, शब्द पाळायचा असेल तर दुसरं, वस्तू मागं ठेवायची असेल तर तिसरं. मी मॅट्रिकपासून कीप म्हणजे 'ठेवणे' असं लिहीत आलो होतो आणि त्यावर मला गुण मिळत आले होते. आपण रोज 'शब्द पाळतो' आणि 'कोंबड्या पाळतो', हेसुद्धा मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

मावशींनी वही केली. कीपच्या प्रत्येक कामाला एक पान. वर त्यांचं अक्षर, खाली इंग्रजी वाक्य, खाली दखनीत अर्थ आणि मला खूश करायला वाकड्यातिकड्या देवनागरीत मराठी. वाक्यं पुस्तकातली चालत नसत. आपल्या घरातलं खरं पाहिजे. 'डॉक्टर कीप्स अ शॉप.' 'पिकल कीप्स फॉर वन इयर', तेव्हा त्यांनी उठून मला बरणी उघडून दाखवली. 'हेन्री कीप्स हिज प्रॉमिस' हे पान त्यांनी आधी पेन्सिलीनं लिहिलं. शाईनं का नाही म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आने दो बुलावा, फिर शाई." एकदा डॉक्टर पडद्यातून डोकावून म्हणाले, "मेरे कू भी लिख. ही कीप्स टॉकिंग, शी कीप्स शाउटिंग." मावशींनी त्यांना चिमटा फेकून मारला आणि मग खरंच ते पान लिहिलं.

मला या पद्धतीचा मनातून कंटाळा यायचा. तीन महिन्यांत एक शब्द. माझ्या वर्गात तेवढ्यात अर्धं पुस्तक होत असे. आता वही चाळताना कळतं की एवढ्या नोकरीत मला इंग्रजी शिकणारा एकच विद्यार्थी मिळाला होता.

मुलाखतीचं पत्र आलं. सहा आठवडे हातात होते. मावशींनी हेन्रीच्या वचनाचं पान शाईनं गिरवलं. त्याच दिवशी मी ती वही मिटवून बरण्यांच्या मागं ठेवली.

"आता अर्थबिर्थ नंतर," मी म्हणालो. "आता पाठ."

मुलाखत म्हणजे मोठ्या साहेबांची तपासणी, एवढंच मला कळत होतं. साहेब काय काय विचारतील याची मी चाळीस प्रश्नांची यादी केली आणि प्रत्येकाचं उत्तर पूर्ण वाक्यात लिहून दिलं. नाव, वय, जन्मगाव, मुलगा काय करतो, तिथं जाऊन काय करणार. सातवा प्रश्न नवऱ्याबद्दल. उत्तर मी फार विचारानं बांधलं होतं. कीप त्यांचा आवडता, म्हणून दोनदा घातला: 'माय हजबंड इज कीपिंग गुड हेल्थ. ही कीप्स अ डेंटल क्लिनिक इन परभणी.'

मावशींना पाठांतर आवडलं नाही. दोन-तीन दिवस त्या मधेच थांबवून विचारायच्या, असंच का, दुसरं का नाही. मी वर्गात करतो तसा टेबलावर हात आपटला. "मावशी, साहेब दुसरं विचारणारच नाहीत." मग त्या पाठ करायला लागल्या. हुशार बाई. आठ दिवसांत चाळीस उत्तरं एका दमात, सहाव्यामागून सातवं, सातव्यामागून आठवं. डॉक्टर पडद्याआडून म्हणायचे, "सात नंबर ज़ोर से बोल. मेरी तबीयत की बात है."

चौथ्या आठवड्यात डॉक्टर गेले. सकाळी दुकान उघडताना दाराच्या फळीला हात लावला आणि तिथंच बसले. मी पोचलो तेव्हा गाल धरलेली दोन माणसं अजून बाकावर बसून होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ख्रिस्ती दफनभूमीच्या कडेला जागा मिळाली. कमल आठ दिवस मावशींपाशी झोपायला होती.

आता अर्ज एकट्या मावशींचा झाला. नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला मी काढला, त्याचं इंग्रजी केलं आणि पत्र जोडून वकिलातीला पाठवून दिलं. मुलाखतीची तारीख तीच राहिली. मावशींनी सदऱ्याच्या बाहीवर काळं कापड शिवलं आणि दहाव्या दिवशी स्वतःच निरोप पाठवला, सबक घ्यायला या. सबक म्हणजे त्यांच्या बोलीत पाठ.

मी सातव्या उत्तरावर रेघ मारून खाली लिहिलं, 'माय हजबंड पास्ड अवे धिस मंथ.' वाचून दाखवलं. मावशींनी तोंड उघडलं नाही. मी पुन्हा वाचलं.

"वो नक्को, मास्तरसाब," त्या म्हणाल्या. "आठ से पूछो."

मी मास्तर होतो. त्या दिवशी मी पेन खाली ठेवायला हवं होतं. उत्तरांची यादी बाजूला सारून म्हणायला हवं होतं, मावशी, पाठ सगळं विसरा, साहेब विचारतील ते ऐका आणि तुमच्या शब्दांत सांगा. तुमचं इंग्रजी मोडकं असलं तरी तुमचं आहे. मी म्हणालो, ठीक आहे, साहेबांपुढं दाखला आहेच, ते विचारणार नाहीत. आणि सहा झाला की आठ विचारत गेलो. रोज. सहा आणि आठच्या मधे मावशी एक क्षण थांबायच्या. त्या क्षणात त्यांच्या तोंडात काय चालू असायचं ते मी विचारलं नाही.

पोलिसांची परवानगी काढून आम्ही दोघं मुंबईला गेलो. मनमाडला गाडी बदलायची होती. फलाटावरच्या बाकावर मी त्यांना शेवटचा पाठ दिला. मुलांना देत होतो तोच.

"साहेब एखादा प्रश्न दुसऱ्यांदा विचारतील, मावशी. घाबरायचं नाही. तेच उत्तर द्यायचं, मोठ्यानं. बदललं की संपलं."

"हौ," त्या म्हणाल्या. "बदलना नक्को."

आत एकट्यांनाच सोडलं. मी बाहेर बाकावर बसून होतो, परीक्षेला पोर पाठवलेल्या बापासारखा. तासाभरानं मावशी बाहेर आल्या. पहिला नंबर आलेल्या मुलीचं तोंड असतं तसं त्यांचं तोंड होतं. डॉक्टर गेल्यापासून मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"सब बोली. एक भी नै भूली. साब दो-दो बार पूछे, मैं भी दो-दो बार बोली, ज़ोर से. तुम बोले वैसाच."

"शाब्बास, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी एका दुकानातून करड्या रंगाची लोकर घेतली. हेन्रीच्या गावी बर्फ पडतं म्हणे. परतीच्या गाडीत विणायला सुरुवातही केली.

उत्तर अडीच महिन्यांनी आलं. मावशी पत्र घेऊन स्वतः शाळेच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी शाळेकडं येत नसत. पत्र त्यांनी वाचलेलं होतं. शब्द सगळे कळले होते, पण पत्र कळलं नव्हतं. आम्ही दुकानात गेलो. मी वाचलं. अर्जदाराने पती दिवंगत असल्याचा दाखला जोडला आहे. परंतु मुलाखतीत पती हयात असून दवाखाना चालवतात असे वारंवार सांगितले. सबब कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका आहे. अर्ज विचारात घेता येत नाही.

मी पत्र टेबलावर ठेवलं. मला अजून खरं वाटत नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, मी साहेब. मी विचारतो, तुम्ही सांगा." आणि एकापासून विचारायला लागलो. सहा झाला. मी सातवा विचारला, जो मी डॉक्टर गेल्यापासून एकदाही विचारला नव्हता.

"माय हजबंड इज कीपिंग गुड हेल्थ," मावशी म्हणाल्या. "ही कीप्स अ डेंटल क्लिनिक इन परभणी."

मी पुन्हा विचारला. का विचारला कोण जाणे. मावशींनी पाठ ताठ केली आणि तेच उत्तर मोठ्यानं दिलं. शेवटच्या शब्दाशी त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाहीवरच्या काळ्या कापडाकडं.

त्या म्हणाल्या, "झूठ नै बोली मैं, मास्तरसाब. सबक बोली."

यावर एकच इलाज होता. वकिलातीला पत्र लिहायचं की हे उत्तर या बाईचं नाही, माझं आहे. मी अमुक शाळेचा शिक्षक, मी ते लिहून दिलं, पाठ करून घेतलं, आणि उत्तर बदलू नका असंही मीच शिकवलं. खाली माझी सही. मी घरी बसून तसं पत्र लिहिलंसुद्धा. मग ते समोर ठेवून विचार करत बसलो. परदेशी वकिलातीच्या कागदावर माझं नाव, शाळेचं नाव, चिनी बाईच्या घरची शिकवणी. कुणी चौकशी केली तर? हेडमास्तर काय म्हणतील? कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात वर जायचा होता.

कमल भाकरी थापत होती. म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा." मी वाचलं. ती म्हणाली, "चांगलं हाय. धाडा."

मी ते धाडलं नाही. दुसरं लिहिलं, मावशींच्या नावानं. पतीच्या निधनाच्या धक्क्यामुळे व मानसिक गोंधळामुळे माझ्याकडून चुकीचे विधान झाले, तरी कृपया पुनर्विचार व्हावा. व्याकरण निर्दोष होतं. मावशींनी वाचलं. 'गोंधळ' या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या, आणि सही केली. त्या गोंधळलेल्या नव्हत्या. सगळ्या प्रकरणात तेवढी एकच गोष्ट नक्की होती, आणि तिच्याविरुद्ध मी त्यांची सही घेतली.

वकिलातीनं दुसऱ्यांदाही तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत.

माझी नोकरी कायम झाली. मी पेढे वाटले. मावशींकडंही नेले. कमल आली नाही.

मावशी त्यानंतर चार वर्षं परभणीत होत्या. खुर्ची आणि अवजारं त्यांनी औरंगाबादच्या एका दंतवैद्याला दिली; प्लास्टरचा जबडा तेवढा कपाटात हसत राहिला. स्वेटर विणून द्यायच्या. पोलिसांत हजेरीला जायच्या. माझ्याशी बोलणं तुटलं नाही. तुटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "कैसे है मास्तरसाब? कमल कैसी है?" पण इंग्रजीचा एक शब्द त्यांनी पुन्हा माझ्यापुढं काढला नाही. करड्या लोकरीचा स्वेटर पुरा झाला तो त्यांनी टपालानं पाठवला. सत्तरचं दशक सरता सरता, एका उन्हाळ्यात, त्या गेल्या. डॉक्टरांच्या शेजारी जागा मिळाली. हेन्रीला तार केली. त्याला येता आलं नाही. सामान आवरताना बरण्यांच्या मागं कीपची वही सापडली, ती कमलनं घरी आणली. मी ती उघडली नाही. गेल्या दिवाळीनंतर उघडली. सव्वीस पानं भरली आहेत. सत्ताविसाव्यावर वर त्यांचं अक्षर आहे आणि खाली कोरं. ते कीपचं कोणतं काम, हे मला सांगता येत नाही, आणि परभणीत ते वाचणारं आता कुणी नाही.

ट्रंकेतली दोन पाकिटं हेन्रीची. पहिलं मावशी गेल्या त्या वर्षीच्या पावसाळ्यात आलं होतं. त्यानं माझे आभार मानले होते. मग लिहिलं होतं की आई पत्रांतून एवढंच सांगत राहिली, साहेबाला माझं इंग्रजी पसंत पडलं नाही. 'सर, मुलाखतीत माझ्या आईचं नेमकं काय चुकलं? तिनं काय उत्तर दिलं होतं? मला कळलं तर बरं वाटेल.'

म्हणजे ते उत्तर माझं होतं, हे मावशींनी मुलालाही सांगितलं नव्हतं.

कमल म्हणाली, "आता तर कुणी काई करनार न्हाई तुमाला. लिवा त्या लेकराला खरं."

मी लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. 'तुमच्या आईचं काहीही चुकलं नाही. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं. त्यांनी सर्व प्रश्नांची पूर्ण वाक्यांत उत्तरं दिली.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते पाकीट चिकटवलं.

तीन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. 'सर, बहुधा माझा प्रश्न तुम्हाला नीट कळला नाही. मी पुन्हा विचारतो, तिनं काय उत्तर दिलं होतं?'

मी तेच उत्तर पुन्हा लिहिलं. त्याच शब्दांत. बदललं नाही.